‘पँडोराची पेटी’ : उगम आणि अर्थ

वाक्प्रचाराचा उगम सांगितला की त्याचा अर्थही सांगून झाला, असा समज अनेक उत्तरांतून दिसतो. माझ्या मते हा समज तपासून घेणे आवश्यक आहे. ‘पँडोराची पेटी उघडणे’ हा वाक्प्रचार त्यासाठी उपयुक्त ठरतो. इंग्रजीतून मराठी वृत्तपत्रीय लेखनात रुळलेला हा वाक्प्रचार ‘एका कृतीतून न आवरणाऱ्या अडचणी उद्भवणे’ या अर्थाने योजला जातो.

मूळ कथा हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘वर्क्स अँड डेज’ या काव्यात येते. प्रॉमिथ्यूसने अग्नी चोरून मानवाला दिला. त्याची शिक्षा म्हणून झ्यूसने पँडोरा ही स्त्री घडवून पाठवली. तिने झाकण काढताच रोग व दुःखे जगभर पसरली. मात्र या काव्यात पेटी नाहीच. तेथे ‘पिथॉस’ आहे, म्हणजे धान्य, तेल वा मद्य साठवण्याचा मातीचा मोठा रांजण. इरॅस्मसने आपल्या म्हणींच्या संग्रहात (१५०८) ही कथा लॅटिनमध्ये देताना ‘पिक्सिस’, म्हणजे झाकणाची डबी, हा शब्द योजला. पुढे युरोपीय भाषांत हीच पेटी रूढ झाली.

मग आजचा वाक्प्रचार चुकीचा मानावा काय? मला तसे वाटत नाही. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत लक्ष्मणरेषेचा प्रसंग नाही. तरीही ‘लक्ष्मणरेषा ओलांडणे’ म्हणजे मर्यादाभंग करणे, याविषयी कोणाही मराठी भाषकाच्या मनात संदेह नसतो. वाक्प्रचाराला मान्यता मिळते ती रूढीतून. मूळ संहिता तिला बाध आणू शकत नाही.

म्हणून उगमाचा शोध व्यर्थ ठरत नाही. हेसिअडच्या कथेत सारी दुःखे बाहेर पडल्यावर रांजणाच्या काठाखाली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आशा. वाक्प्रचाराने अरिष्ट तेवढे उचलले आणि आशा मागेच ठेवली. कथेतील काय टिकले व काय गळले, हे उगम पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच उत्तर लिहिताना मूळ कथा, तिच्यात झालेले बदल आणि आजचा प्रयोग या तीन गोष्टी स्वतंत्रपणे मांडाव्यात. अर्थनिश्चिती मात्र आजच्या प्रयोगावरूनच करावी.