लेनवरचा पाय

मराठीच्या प्राध्यापकाला खेळ ठाऊक असतात ते दोनच : शब्दांचा आणि पत्त्यांचा! त्यातून आम्ही माहीमचे, कबड्डीच्या आरोळ्या ऐकत वाढलेले. बास्केटबॉल म्हणजे नागपाड्याची मिरास. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर तिथलेच. तो खेळ आमच्या घरात आला कन्येच्या पायाने. आणि घोटाळा झाला तोही तिच्या पायानेच.

गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी जवळच्या एका शाळेच्या आवारात मुलींचा मैत्रीचा सामना होता. दोन पंचांपैकी एक आलेच नाहीत, तेव्हा शिट्टी पडली आमच्या पुतण्याच्या गळ्यात. तो पंचांची परीक्षा उतरलेला. बहीण मैदानात, भाऊ शिट्टीवर, आणि पाहणाऱ्यांत मी व वहिनी, म्हणजे पंचांच्या मातोश्री!

शेवटचे काही सेकंद उरले. आमच्या मुली ४१, समोरच्या ४२. आमच्या एका मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले, पहिला हुकला. दुसऱ्याच्या वेळी लेनच्या दोन्ही कडांना मुली उभ्या राहिल्या. बास्केटजवळच्या जागा प्रतिपक्षाच्या, त्यांच्या शेजारच्या आपल्या; तीन त्यांच्या आणि दोन आपल्या, असा हिशेब असतो. फेकणारीला पाच सेकंद. तिच्या हातून चेंडू सुटेपर्यंत कडेच्या मुलींनी पाऊल आत टाकायचे नाही. स्वतः तिने तर चेंडू कड्याला लागेपर्यंत रेषा ओलांडायची नाही.

चेंडू कड्याला लागून उसळला. आमची कन्या झेपावली, चेंडू घेतला, टाकला, आत! मी टाळ्या पिटत उभा राहिलो. शिट्टी त्याआधीच, चेंडू हुकताक्षणी वाजली होती. पण त्या गलक्यात ती ऐकली कुणी? कन्येचा डावा पाय आधी आत आला होता. बास्केट रद्द, चेंडू समोरच्यांना, सामना गेला.

घरी आल्यावर मी पुतण्याची उलटतपासणी घेतली. "अरे, वीतभर पाय! आणि चेंडू त्या फेकीतच आत गेला असता, तर?"

"तर गुण धरला असता, काका. तिच्या पायाकडे बघितलेही नसते."

हा कुठला न्याय? पाय तोच, वेळ तीच, आणि गुन्हा ठरायचा चेंडूच्या मर्जीवर! व्याकरणात असला नियम मी विद्यार्थ्यांना शिकवला असता, तर वर्ग ओस पडला असता. त्याने शांतपणे समजावले. चेंडू आत गेला की झेपावण्याला अर्थच उरत नाही, तेव्हा आधी आल्याचा फायदा कुणालाच नाही. हुकला, तरच तो फायदा. फेकणारीचे मात्र तसे नाही. तिने रेषा तुडवली तर आत गेलेला चेंडूही फुकट. आणि समोरच्यांपैकी कुणी आधी घुसली व चेंडू हुकला, तर फेक पुन्हा मिळते.

नियम पटला. माणूस मात्र पटेना. "दोन ठिकाणी डोळे ठेवायचे, फेकणारीचा हात आणि कडेचे पाय. एखादा पाय सुटला म्हणून तुला कोण विचारणार होते?"

"काका, पलीकडच्या तिघी जागच्या जागी उभ्या होत्या ना?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वहिनींजवळ होते, पण ते त्यांनी चिवड्याच्या डब्याचे झाकण आपटून दिले. (२०१० पर्यंत ही लेन समलंब चौकोनी असे, आता ४.९ मीटर रुंदीचा आयत आहे, ही माहिती मी त्याच वेळी पुरवली. कुणी दाद दिली नाही.)

चार दिवस कन्या दादाचे नाव घेईना. भाऊबीजेला तो दादरहून आला. पाट मांडला होता, रांगोळी होती, पण कन्या आतल्या खोलीत. हिने दोनदा हाका मारल्या. शेवटी ती निरांजनाचे ताट घेऊन बाहेर आली आणि पाटाकडे निघालेल्या दादाला म्हणाली,

"थांब. मी सांगितल्याशिवाय रांगोळीच्या आत पाय टाकायचा नाही."

तो बिचारा हात बांधून रेषेबाहेर उभा राहिला. पाच सेकंदांहून बराच जास्त वेळ!