स्नेपचे हात कुणी बांधले होते?

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा स्नेप निघाला. आमच्या टीममधली एक नवीन मुलगी, जी २००७ साली सातवं पुस्तक आलं तेव्हा बालवाडीत असेल, डब्यातली भेंडी संपवता संपवता सहज म्हणाली, "पण त्याच्यापुढे ऑप्शनच कुठे होता? शपथ घेतली होती ना त्याने. मोडली असती तर मेला असता." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा घास घशातच अडकला. इतकी वर्षं झाली, लोकांनी पुस्तकांची पारायणं केली, सिनेमे पाहिले, स्नेपचा तो एक शब्द हातावर गोंदवून घेतला, आणि तरी ही थिअरी काही मरत नाही! तिथे मी गप्प बसलो, कारण दीडची मीटिंग होती. आज शनिवार आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सहावं पुस्तक, २००५. दुसऱ्याच प्रकरणात ड्रेकोची आई नार्सिसा रडत-भेकत स्नेपच्या घरी येते, मागोमाग तिची बहीण बेलाट्रिक्स, जिचा स्नेपवर काडीचा विश्वास नाही. तिथे स्नेप मोडता न येणारी शपथ घेतो. तीन कलमं. ड्रेकोवर लक्ष ठेवीन, जमेल तितकं त्याचं रक्षण करीन, आणि त्याला ते काम जमणार नाही असं दिसलं तर ते मी करीन. तिसऱ्या कलमाला स्नेपचा हात किंचित हलतो, पण तो हात काढून घेत नाही. ते काम म्हणजे डंबलडोरचा खून, हे आपल्याला शेवटी टॉवरवर कळतं.

त्यानंतरची दोन वर्षं काय धमाल होती राव! डंबलडोर मेलाच नाही, तो शाप खोटा होता, शाप लागल्यावर माणूस असा हवेत उडत नाही, वगैरे वगैरे. खुद्द सलमान रश्दीने ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात रोलिंगबाईंसमोर अशीच थिअरी मांडली होती की स्नेप चांगला आहे, म्हणजे डंबलडोर जिवंत असणार. बाईंनी पहिला अर्धा भाग जवळजवळ मान्य केला आणि दुसऱ्याचा निकाल लावला. म्हातारा गेला म्हणजे गेला.

त्या सगळ्या थिअऱ्या चुकल्या, पण त्यांच्यात निदान मेहनत होती. 'शपथेने बांधलेला होता' ही थिअरी मात्र आळशी आहे. आणि माझा राग आळशीपणावर आहे.

कुठलाही बग आला की आपण आधी काय बघतो? लॉग. कोणती गोष्ट आधी घडली, कोणती नंतर. तर बघा. सातव्या पुस्तकातल्या स्नेपच्या आठवणींत एक रात्र आहे. डंबलडोरने ती शापित अंगठी घातलीय, हात काळा पडलाय, स्नेप शाप जेमतेम त्या हातात अडवून धरतो आणि सांगतो, फार तर एक वर्ष. त्याच बैठकीत डंबलडोर त्याला म्हणतो की ड्रेकोच्या हातून हे पाप होऊ देऊ नकोस, मला तूच मार. स्नेप विचारतो, आणि माझ्या आत्म्याचं काय? शेवटी मान हलवतो. आता सहाव्या पुस्तकातलं ते दुसरं प्रकरण पुन्हा उघडा. शपथ घेण्याच्या आधी, बेलाट्रिक्सशी हुज्जत घालताना, स्नेप सांगतो की डंबलडोर म्हातारा झालाय, त्याला नुकतीच गंभीर जखम झालीय. म्हणजे हात आधीच काळा पडलाय. म्हणजे ती रात्र होऊन गेलीय. म्हणजे वचन आधी, शपथ नंतर!

नार्सिसासमोर गुडघ्यावर बसला तेव्हा ज्याची शपथ घ्यायची ते काम स्नेपने आधीच पत्करलेलं होतं. शपथेने त्यात काही भर घातली नाही, फक्त माघारीची वाट महाग केली. हात हलला तो त्यामुळे, असं मला वाटतं.

दुसरा पुरावा हॅग्रिडचा. तो चोरून ऐकतो की स्नेप डंबलडोरशी भांडतोय, मला आता हे करायचं नाही म्हणतोय. ही शपथेनंतरची गोष्ट आहे बरं का. म्हणजे नाही म्हटलं तर जीव जाणार हे माहीत असलेला माणूस नाही म्हणून बघतोय. आणि डंबलडोर त्याला शपथेची आठवण करून देतो का? नाही. तो म्हणतो, तू मला शब्द दिलायस. बस्स. आगीच्या जिभा नाहीत, छडी धरून उभा साक्षीदार नाही. स्नेप त्या शपथेचा दाखला देतो तो फक्त ड्रेकोला, पोराने मदत घ्यावी म्हणून, आणि पोरगं त्याला उडवून लावतं.

(एक गंमत म्हणजे सातही पुस्तकांत ही शपथ मोडून मेलेला एकही माणूस आपल्याला दिसत नाही. माहितीचा स्रोत काय, तर रॉन. तोही लहानपणी फ्रेड-जॉर्जने आपल्याला असली शपथ घ्यायला लावायचा प्रयत्न केला होता म्हणून. प्रॉडक्शनवर न तपासलेलं फीचर!)

मुळात ती शपथ हात बांधत नाहीच. स्नेपची छडी ती स्वतःहून उचलत नाही. ती फक्त किंमत सांगते. आपल्या पहिल्या नोकरीच्या बाँडसारखी. दोन वर्षं राहा, नाहीतर लाखभर भरा. 'बाँड आहे म्हणून सोडू शकत नाही' असं आपण सगळे म्हणायचो, खरं म्हणजे 'इतके पैसे भरायची तयारी नाही' असं म्हणायला हवं होतं.

यावरून कुणी मला स्नेपचा भक्त समजू नका. नेव्हिलला ज्याची भीती सगळ्यात जास्त वाटते तो राक्षस नाही, भूत नाही, त्याचा स्वतःचा मास्तर आहे. पोरांना छळायला त्याला कुठल्या शपथेने भाग पाडलं होतं? त्याचा छळ त्याचा होता, तसाच टॉवरवरचा तो शापही त्याचाच होता. दोन्ही त्याच्या खात्यावर मांडा. पण 'बिचाऱ्याला पर्याय नव्हता' म्हणून खातंच बंद करू नका.

मला हे इतकं का झोंबतं तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा लीड झालो. अप्रेझलच्या वेळी बेल कर्व्हमध्ये कुणीतरी खाली जायलाच हवं होतं. मी ज्याला खाली टाकला त्याने त्या वर्षी आमचं रिलीज अक्षरशः दोन वेळा वाचवलं होतं. पण तो मीटिंगमध्ये बोलायचा नाही, त्याच्यासाठी भांडायचं तर मॅनेजरशी वाकडं घ्यावं लागलं असतं, आणि माझं स्वतःचं प्रमोशन तोंडावर होतं. मी एक मेलसुद्धा टाकली नाही. त्याला कॅन्टीनमध्ये नेलं आणि म्हणालो, "अरे, माझे हात बांधलेले होते." तो म्हणाला, "कळतंय रे." चहाचे पैसेही त्यानेच दिले. चार महिन्यांनी त्याने पेपर टाकला.

सोमवारी त्या मुलीला तारखांचा हिशोब नक्की सांगणार आहे, प्रकरण उघडून दाखवणार आहे. हे शेवटचं सांगीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.