रुपयावरचा गहू

बायको, भाऊबंद आणि तळ्याचे पाणी हे तीन विषय सोडले, तर भंडाऱ्याचा माणूस सहसा भांडत नाही. पण गेला महिनाभर माझे रुपयाशी भांडण चालू आहे.

ते लावून दिले आमच्याकडे तांदूळ आणणाऱ्या लाखांदूरकडच्या म्हाताऱ्याने. हिशेब चुकता करताना मी डब्यातला स्टीलचा जुना रुपया त्याच्या हातावर ठेवला आणि उगाच शहाणपणा केला, "बघा बाबाजी, सरकारने तुमचा धान नाण्यावर छापलाय." त्याने रुपया उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"हा तं गहू होय, गुरुजी. धानाची लोंबी भरली का मान खाली टाकते. अशी ताठ उभी राह्यली, तं पोचट समजा."

चाळीस वर्षे शाळेत शिकवले, पण रुपयाकडे कधी असे पाहिले नव्हते!

मग जुनी नाणी काढून बसलो. १९४७ च्या रुपयावर वाघ होता. म्हणजे आमचाच म्हणा ना. नागझिरा तेव्हा भंडाऱ्यात होते. (१९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि नागझिरा तिकडे गेले. ते दुःख पुन्हा केव्हातरी.) १९५० मध्ये राजा गेला, अशोकाचे सिंह आले. सिंहांबद्दल तक्रार नाही. पवनीला स्तूपांचे अवशेष आहेत, तेव्हा त्या काळाशी आमची जुनी ओळख. पण दुसऱ्या बाजूचा वाघही गेला आणि तिथे गव्हाच्या ओंब्या येऊन बसल्या. वाघ काढलात, ठीक; मग त्या जागी धान तरी लावायचा होता! देशात गव्हापेक्षा तांदूळ जास्त पिकतो, हे काय टाकसाळीला कुणी सांगितले नव्हते?

एकदाच आमच्यावर मेहेरबानी झाली. १९६८ मध्ये वीस पैशांचे पिवळेधमक नाणे निघाले आणि त्यावर कमळ. आमच्या तळ्यांतले कमळ, आमच्या भांड्यांचा पितळी रंग! तर लोकांनी ते लक्ष्मीपूजनासाठी देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. आमची एकदा कुठे वर्णी लागली, ती हळदीकुंकवाखाली गेली.

२०२० च्या नव्या नाण्यांवर पुन्हा पीक आले आहे. सरकार त्याला नुसते 'धान्य' म्हणते. नाव घ्यायलाच नको, म्हणजे भांडणही नको! भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन देताना बरे नाव सापडले. जो माणूस रोवणीला दिवसभर चिखलात कमरेतून वाकतो, त्याच्या पिकाची वाकलेली एक लोंबी ठशात कोरायला असा काय खर्च येतो?

हे सगळे मी परवा म्हाताऱ्याला तावातावाने ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. तेवढ्यात आतून जेवणाचे ताट आले. त्याने ताटात पाहिले, मग माझ्याकडे.

"गुरुजी, भात कुठी हाय?"

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केला आहे. मी मुकाट्याने पोळी मोडली.