विश्लेषण : कर्जत लोकलमधला ‘टाइमपास’ रीलमध्येच का अडकतो? वेळ मजेत घालवणारी संकेतस्थळे कोणती?

मुंबईच्या लोकलमध्ये ‘टाइमपास’ म्हणजे एकेकाळी शेंगदाण्याची पुडी. विक्रेता ‘टाइमपाऽऽस’ अशी हाक देत डब्यातून फिरायचा आणि पुडी संपली की टाइमपासही संपायचा. आज कर्जत किंवा खोपोली लोकलमध्ये बहुतेक माना मोबाइलकडे झुकलेल्या असतात आणि ही नवी पुडी काही संपत नाही. वेळ घालवण्यात गैर काहीच नाही. मात्र वेळ आपण घालवतो आहोत की कोणी तो काढून घेत आहे, हा प्रश्न लांबच्या प्रवाशाने तरी स्वतःला विचारायला हवा.

हा प्रश्न कर्जत-खालापूरचा कसा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत साधारण १०० किलोमीटरवर आहे. जलद लोकलनेही जवळपास दोन तास लागतात. पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोली गाठायची तर आणखी २५ मिनिटे. रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या कर्जतकराचे जाऊन-येऊन चार तास गाडीत जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास आणि वर्षाचे १,२०० तास, म्हणजे पूर्ण ५० दिवस-रात्री. त्यात फलाटावरचे थांबणे धरलेले नाही.

गाडीत न बसणाऱ्यांचाही हा प्रश्न आहे. खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळ्या चालतात. कर्जतच्या फार्महाउसच्या फाटकावर रात्रभर पहारा करणारे आहेत. गावोगावी स्टँडवर एसटी आणि नाक्यावर सहा आसनी रिक्षा भरण्याची वाट पाहणारे आहेत. या सर्वांकडे वेळ आहे, फोन आहे आणि दिवसाला ठरावीक डेटा आहे. अशा वेळी फोन हाती घेतला की बोट सवयीने रीलवर जाते.

रील संपत का नाही?

कारण ती संपू नये अशीच तिची रचना आहे. पूर्वी संकेतस्थळांवर तळाशी ‘पुढील पान’ असे बटण असे. ते दाबायचे की नाही हे वाचक ठरवत असे. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने तळच येणार नाही अशी सरकपट्टी, म्हणजे ‘इन्फिनिट स्क्रोल’ तयार केली. बटण गेले आणि त्याबरोबर थांबण्याची जागाही गेली. आपल्या या शोधाबद्दल रास्किन यांनी पुढे जाहीर खेद व्यक्त केला.

दुसरे कारण अनिश्चिततेचे. पुढची रील रटाळ असेल की पोट धरून हसवणारी, हे आधी कळत नाही. प्रत्येक वेळी बक्षीस मिळत असते तर कंटाळा आला असता आणि कधीच मिळत नसते तर फोन खिशात गेला असता. कधी मिळते, कधी नाही, म्हणूनच अंगठा पुढे सरकत राहतो. जुगाराचे यंत्रही याच तत्त्वावर चालते.

भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग इन्स्टाग्रामने रील, तर यूट्यूबने शॉर्ट्स आणले. ॲप बदलले, पण सवय तशीच राहिली.

चांगला टाइमपास ओळखायचा कसा?

त्यासाठी तीन साध्या कसोट्या लावता येतील. पहिली, त्याला शेवट आहे का? दुसरी, खिशाला किती चाट बसते? तिसरी, नेटवर्क गेले तर तो चालतो का?

दुसऱ्या कसोटीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडीओ तासाला सुमारे ४५० एमबी डेटा खातो. चार तासांचे झाले १.८ जीबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर घरी पोहोचण्याआधीच तो संपला. याउलट १२८ किलोबिट वेगाचा इंटरनेट रेडिओ तासाला जेमतेम ५८ एमबी घेतो. बुद्धिबळाची एक चाल पाठवायला लागणारा डेटा तर त्यापुढे नगण्यच.

तिसरी कसोटी या मार्गावर महत्त्वाची. धावत्या गाडीत फोनला एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सतत उडी मारावी लागते. भरलेल्या डब्यात एकाच टॉवरवर शेकडो फोन असतात. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड अशा दूरदूरच्या स्थानकांदरम्यान व्हिडीओचे चक्र फिरत राहते. जे पान एकदा उतरून घेतले की पुढे नेटशिवाय चालते, ते इथे खरे उपयोगाचे.

या कसोट्यांवर कोणती संकेतस्थळे उतरतात?

वर्डल : दिवसाला एकच इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. जॉश वॉर्डल या प्रोग्रामरने बनवलेला हा खेळ २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. आजचे कोडे सुटले की उद्यापर्यंत सुट्टी. त्याच्या लोकप्रियतेत या मर्यादेचा मोठा वाटा आहे.

लिचेस : बुद्धिबळाचे हे संकेतस्थळ २०१० मध्ये थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. जाहिरात नाही, शुल्क नाही, सारा खर्च देणग्यांवर चालतो. पूर्ण डाव नको असेल तर एका मिनिटात सुटणारी कोडीही आहेत. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून मराठी घरांत पुन्हा पट मांडले जात असतील, तर लोकलमधला सराव त्याला पूरकच ठरेल.

नील डॉट फन : नील अगरवाल या तरुण अमेरिकी प्रोग्रामरच्या या संकेतस्थळावर गमतीशीर पानांचा खजिना आहे. त्यातील ‘डीप सी’ हे पान मुद्दाम पाहावे. बोटाने खाली सरकत गेले की आपण समुद्रात खोल उतरतो आणि त्या-त्या खोलीवरचे जीव दिसत जातात. शेवटी जवळपास ११ हजार मीटरवर तळ लागतो. माथेरानची उंची साधारण ८०० मीटर धरली, तर एकावर एक १३ माथेरान बुडतील एवढी ही खोली. इथेही रीलसारखे अंगठ्याने सरकतच जायचे असते. फरक एवढाच की इथे तळ आहे आणि तिथे पोहोचलेला माणूस काहीतरी घेऊन वर येतो.

रेडिओ गार्डन : नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचे. तिथल्या गावाचा रेडिओ लागतो. नैरोबीतली सकाळ, लिस्बनमधली गाणी, टोकियोतल्या बातम्या. एका हाताने कडी धरून उभे असतानाही हे ऐकता येते. मात्र इअरफोन लावूनच. शेजाऱ्याला आपला टाइमपास ऐकवण्याचा अधिकार तिकिटात नसतो.

झूनिव्हर्स : वेळ घालवता घालवता विज्ञानाला हातभार लावायचा तर इथे. २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ या प्रकल्पात सामान्य लोकांना आकाशगंगांची छायाचित्रे दाखवून त्यांचे आकार ओळखायला सांगितले गेले. त्यातूनच हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला आकाशात एक अनोखी हिरवट वस्तू दिसली आणि तिला त्यांचे नाव मिळाले. पुढे या प्रयोगातून झूनिव्हर्स उभे राहिले. आता तिथे प्राणी मोजण्यापासून जुनी हस्तलिखिते वाचण्यापर्यंतची कामे असतात.

आपल्याच तालुक्याची सफर करता येते का?

येते, आणि कर्जतकराला ती सर्वांत जास्त रमवू शकेल. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ग्रंथालयात ब्रिटिशकालीन गॅझेटियर उपलब्ध आहेत. कर्जत तालुक्याची माहिती कुलाब्याच्या खंडात शोधू गेलात तर फसाल. ती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे, कारण कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. ते १८९१ मध्ये कुलाब्यात आले आणि कुलाब्याचे रायगड झाले १९८१ मध्ये. माथेरान उजेडात आणणारा ह्यू मॅलेट १८५० मध्ये ठाण्याचाच कलेक्टर होता, याचाही उलगडा इथे होतो.

खोपोलीची छोटी शाखा पाहून अनेकांना वाटते की ती मूळ मार्गाला नंतर जोडलेली शेपटी असावी. प्रत्यक्षात उलटे आहे. रेल्वे खोपोलीला पोहोचली १८५६ मध्ये आणि बोरघाटातून गाडी वर गेली १८६३ मध्ये. मधल्या वर्षांत पुण्याचे प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढत. ज्या फलाटावर रोज उतरायचे त्याची ही गोष्ट घाट ओलांडून येणाऱ्या कोणत्याही रीलपेक्षा कमी रंजक नाही. रात्री घरच्या वाय-फायवर ही पाने उतरवून ठेवली तर सकाळी नेटवर्कचीही गरज नाही.

फुकटचा खेळ आणि पैशांचा खेळ : सीमा कुठे?

टाइमपासच्या नावाखाली सर्वांत मोठी किंमत वसूल झाली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमी आणि ‘फँटसी’ खेळांत. रात्रपाळीतला एकटा माणूस हा अशा ॲपचा सोपा ग्राहक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास त्यात मनाई आहे, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. ते पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद नाही.

तरीही मेसेजमधून येणारे ‘आधी ५० रुपये बोनस’ छापाचे दुवे थांबलेले नाहीत. टाइमपाससाठी बँक खाते, यूपीआय किंवा आधारचा तपशील मागितला गेला, तर ते पान बंद करावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

मराठीत असे पर्याय का दिसत नाहीत?

मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो, २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे, तरीही मराठी कोडे रीलइतके सहज समोर येत नाही. यामागे एक तांत्रिक अडचणही आहे. इंग्रजी शब्दखेळ अक्षरे मोजतो, तसे मराठीत थेट मोजता येत नाही. ‘कर्जत’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरी दिसतो : क, र्ज, त. संगणक मात्र त्यात पाच चिन्हे मोजतो : क, र, हलन्त, ज, त. ‘खालापूर’ आपल्याला चार अक्षरी, संगणकाला सात चिन्हांचा. इंग्रजी खेळ नुसता लिपी बदलून आणला तर तो इथेच गडगडतो. जोडाक्षर एक धरायचे की दोन, काना-मात्रा वेगळी मोजायची का, हे आधी ठरवावे लागते.

ही अडचण न सुटणारी नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाइतके हे काम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा थोडा उपयोग मराठीत खेळता येण्यासाठीही व्हायला हवा. जी भाषा केवळ अभ्यासात आणि समारंभात दिसते, तिच्याकडे मुले मोकळ्या वेळी वळत नाहीत.

मग रील पाहूच नये का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आगरी विनोद, गावाकडच्या पाककृती, सह्याद्रीतील भटकंती हे सारे रीलमुळेच लाखो लोकांपर्यंत पोहोचले आणि साध्या फोनवर चित्रीकरण करणाऱ्या अनेकांना त्यातून उत्पन्नही मिळाले. दिवसभर काम करून कल्याणपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाला कोडी सोडवण्याची ताकद नसते, हेही खरे. दहा मिनिटे हसून घेतले तर बिघडत नाही. अडचण होते ती दहा मिनिटांचे दोन तास झाल्यावर, आणि उतरताना काय पाहिले हे आठवत नाही तेव्हा.

बदलापूरला गर्दी ओसरते आणि बसायला जागा मिळते. तिथून कर्जतपर्यंतचा वेळ एखादे कोडे, एखादे पान किंवा एक डाव यासाठी पुरेसा आहे. ते लवकर संपले तर खिडकीबाहेर माथेरानचा डोंगर असतोच, आणि पावसाळ्यात तो पाहायला डेटाही लागत नाही.