मेस्ताच्या हाताखालची वर्षे

'मेस्त' हा शब्द आमच्याकडे पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. मूळ अर्थ गुरू, मास्तर. आपल्या गावात मात्र मेस्त म्हणजे रंधा मारणारा सुतार आणि त्याच्या हाताखालची दोन पोरे. पहिले वर्ष भुसा झाडण्यात नि हत्यारे उचलून देण्यात जाते, मग कधीतरी पटाशी हातात येते, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी दाराची चौकट एकट्याने बसवण्याइतका विश्वास. चित्रशाळेतही तेच. माती मळणारा पोर गणपतीचे डोळे रेखायला बसेपर्यंत कितीतरी चवथी उलटतात!

या शिक्षणाला कागद नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 12 डिसेंबर 1961 चा, गोवा मुक्त होण्याच्या अवघ्या आठवडाभर आधीचा. करार, विद्यावेतन, परीक्षा, प्रमाणपत्र, सगळे त्यात आहे. पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता. 2019 च्या नियमांनी अट सैल केली. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनाला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. चारच्या खाली सोयच नाही. मेस्त नेमका उंबरठ्याबाहेर.

2023 साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. सुतार, कुंभार, मूर्तिकार अशा 18 व्यवसायांना ओळखपत्र, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत साहाय्य, कमी व्याजाचे कर्ज. चांगलेच आहे. उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपराही आहे. पण मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे, आणि तेही खुद्द कारागिराला! वीस वर्षे रंधा मारलेल्याला आठवड्याचा दाखला, आणि त्याच्याकडे पाच वर्षे राबलेल्या पोराच्या त्या वर्षांची नोंद कुठेच नाही, हा कुठला हिशेब?

मेस्तांनाही कागदपत्रांचे वावडे असते, हे मान्य करायला हवे. विद्यावेतन द्यावे लागेल, शिवाय प्रमाणपत्र मिळाले की पोर बोटीवर नाहीतर आखातात जाईल, ही भीती खोटी नाही. पण पोरे आजही जातातच. फक्त कसबी सुतार असून हेल्पर म्हणून जातात.

कायद्यातच एक वाट आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन शिकाऊ उमेदवाराला आपापल्या आस्थापनांत फिरवत शिकवावे, ही मुभा त्यात आहे. मग एकाच गावातल्या चार मेस्तांची मिळून एक शाळा का धरू नये? एखाद्या पंचायतीने तसा अर्ज खात्याकडे पाठवून तरी बघावा. नाकारला, तर निदान कारण लेखी मिळेल.