स्थिर पातळी आणि वाहतें पाणी

गंगापूर रोडनें थेट पश्चिमेकडे गेलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं गोदावरीवरील गंगापूर धरण पाहिलें असेल. त्या धरणाच्या पाण्याची पातळी चार दिवस जागची हलली नाहीं, तर पाहणारा सहज म्हणेल कीं पाणी स्वस्थ आहे. परंतु वरून जितकें पाणी येतें तितकेंच खालीं सोडलें जात असेल, तरीहि पातळी हलत नाहीं. स्थिर पातळी ही नेहमींच स्वस्थतेची खूण नसते. ती दोन वेगांची बरोबरी असूं शकते. एवढी साधी गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें एका भयंकर रोगाविषयीं वैद्यकशास्त्र कित्येक वर्षें फसलें. आणि समाज तर अजूनहि फसत आहे, असें आमचें मत आहे.

तो रोग म्हणजे एड्स. त्याचा विषाणु, ज्याला एच. आय. व्ही. म्हणतात, आपल्या देशांत शिरल्याचा पहिला पुरावा १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं मिळविला. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील. हा विषाणु रक्तांतील सीडी-४ नांवाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशी शरीराच्या संरक्षक सैन्याला हुकूम देणाऱ्या होत. निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या सुमारें ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खालीं गेल्या म्हणजे शरीराचे दरवाजे इतर रोगांस उघडे पडतात.

संसर्गानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत रक्तांतील विषाणूंची संख्या झपाट्यानें चढते. एका मिलिलिटरांत ती दहा लाखांच्याहि वर जाते. पुढें ती आपोआप उतरते आणि एका पातळीवर वर्षानुवर्षें टिकून राहते. बाधित मनुष्य कामधंदा करतो, हिंडतो, फिरतो. म्हणून विषाणु निजला आहे, अशी पुष्कळांची समजूत होती. १९९५ व १९९६ सालीं अमेरिकेंत डॉ. डेव्हिड हो, गणितज्ञ अ‍ॅलन पेरेल्सन व त्यांचे सहकारी यांनीं ती समजूत खोडून काढली. त्यांनीं औषध देऊन विषाणूंची नवी पैदास रोखली व रक्तांतील पातळी किती वेगानें उतरते तें वरचेवर मोजलें. धरणांत येणारें पाणी बंद केलें म्हणजे पातळीच्या उतारावरून बाहेर जाणारें पाणी कळतें. आणि पातळी पूर्वीं स्थिर होती, तेव्हां आंत येणारें पाणीहि तितकेंच असलें पाहिजे. या हिशेबानें असें निघालें कीं, त्या ‘निजलेल्या’ काळांत दररोज सुमारें १,००० कोटि विषाणु निर्माण होतात आणि तितकेच नष्ट होतात. व विषाणु उत्पन्न करणारी पेशी सरासरी दोनच दिवस जगते. बाहेरून शांतता, आंत अहोरात्र युद्ध!

या युद्धाचें गणिती चित्र आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस समजण्यासारखें आहे. शरीर कांहीं ठराविक गतीनें नव्या पेशी पुरवितें; कांहीं पेशी वयोमानानें मरतात; आणि निरोगी पेशींची संख्या व विषाणूंची संख्या यांचा जो गुणाकार होईल, त्याच्या प्रमाणांत रोज नव्या पेशी बाधित होतात. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार, इतकींच त्याचीं मूळ साधनें. ‘हें गणित शिकून काय करावयाचें?’ असें विचारणाऱ्या मुलांस आम्ही हें उदाहरण देऊं.

तथापि एका आंकड्यावर सर्व भार टाकणें बरें नव्हे. प्रारंभींची विषाणुसंख्या जितकी मोठी तितका रोग लवकर बळावतो, असें १९९६ सालीं दिसून आलें. परंतु कोणाच्या पेशी किती वेगानें घटतील, यांतील फरकाचा एक दशांशहि उलगडा त्या एका संख्येनें होत नाहीं, असें २००६ सालच्या अभ्यासांत आढळलें. बहुतेक सीडी-४ पेशी रक्तांत नसून आंतड्याच्या अस्तरांत व इतर ठिकाणीं असतात, आणि आंतड्यांतील पेशींचा मोठा संहार पहिल्या कांहीं आठवड्यांतच उरकतो. शिवाय ज्यांत विषाणूची पैदास होत नाहीं अशाहि असंख्य पेशी त्या धुमश्चक्रींत मरतात. मोजपट्टी एका कांठावर असते. तळें मोठें असतें.

याच पहिल्या आठवड्यांचा शोध आपल्या महाराष्ट्रांतहि झाला. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नांवानें एक संस्था निघाली. साध्या तपासणींत निर्दोष ठरलेल्या कांहीं लोकांच्या रक्तांत विषाणूचा अंश मात्र सांपडतो, हें तेथील संशोधकांनीं व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनीं पुण्यांतील दवाखान्यांत तपासून दाखविलें, व तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे शत्रु सर्वांत प्रबळ असतो तेव्हांच तो सर्वांत कमी दिसतो.

यावरून आम्ही जें म्हणतों तें इतकेंच, कीं या रोगांत वेळ फुकट जात नाहीं; त्याची किंमत पेशींनीं मोजावी लागते. लौकर औषध सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यु यांचें प्रमाण निम्म्याहून कमी होतें, हें २०१५ सालीं ३५ देशांतील प्रयोगानें सिद्ध झालें. आपल्या सरकारनें २००४ पासून हें औषध फुकट देण्यास आरंभ केला, आणि २०१७ पासून पेशींची संख्या कितीहि असली तरी तें देण्याचें ठरविलें. औषधानें विषाणु समूळ जात नाहीं, पण नियमानें घेतल्यास तो दबून राहतो व मनुष्य दीर्घकाळ जगतो. मग लोक तपासणीला उशीर कां करतात? औषध नाहीं म्हणून नव्हे. शेजारी काय म्हणतील म्हणून. तेव्हां लोकांस लाज वाटावयास लावणारा प्रत्येकजण त्या पेशींच्या संहारास हातभार लावतो, असें म्हटलें तर तें कठोर होईल, पण खोटें होणार नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, या विषयावर घरांत मौन धरूं नये. मुलांनीं विचारल्यास सरळ उत्तर द्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, एका बांकावर बसल्यानें, एका डब्यांतलें खाल्ल्यानें वा हातांत हात घेतल्यानें हा रोग होत नाहीं. जन्मतःच हा विषाणु लाभलेलें एखादें मूल तुमच्या शेजारींहि बसत असेल. त्याला या कारणावरून शाळेबाहेर ठेवण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई आहे; परंतु मधल्या सुटींत त्याला एकटें पाडूं नये, हें कोणताहि कायदा पाहूं शकत नाहीं. तें तुम्हांसच पाहावें लागेल.