नापास झालो, पण खापर कुणावर फोडायचं?

एका विषयात २९, दुसऱ्यात ३१. एम.ए.चे दोन पेपर राहिले. वय ३४, घरी दोन लेकरं, माधवनगरात यंत्रमागावर बारा तासांची पाळी. निकाल मोबाईलवर बघितला तेव्हा मागाच्या खडखडाटात कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

संध्याकाळपर्यंत दोन निवाडे आले. कारखान्यातला एकजण म्हणाला, "एवढ्या सवलती, तरी नापास?" आरक्षण प्रवेशाला असतं, पेपर तपासायला नसतं, हे त्याला किती वेळा सांगायचं? दुसरा निवाडा आपल्याच माणसाचा: "परीक्षक मनुवादी, दादा. आडनाव बघून कापले."

मला हा दुसराच जास्त घातक वाटतो, कारण तो ऐकायला गोड आहे. जिथं चेहरा दिसतो तिथं जात नक्की काम करते: तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत गुण. एम्सबद्दलच्या थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात अशाच तक्रारी नोंदल्या आहेत. पण लेखी पेपरवर बैठक क्रमांक असतो. तिथं पुराव्याशिवाय जात आणली तर उद्या खरा अन्याय झाल्यावर आपलं कोण ऐकणार?

आणि पुरावा मागता येतो. तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारात हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ ला दिला. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत. विद्यापीठं चुकत नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं ऑनलाइन तपासणीचा घोळ घातला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना जावं लागलं. म्हणून मी अर्ज टाकलाय. तपासणी चुकली असेल तर भांडेन.

पण एका पेपरचं मला आधीच माहीत आहे. तो मी वाचलाच नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्याकडं होती, रोज रात्री दहानंतर मंडळाची बैठक. डॉल्बीच्या भाड्यावर तीन रात्री गेल्या. तो खर्च कमी करा म्हणालो तेव्हा मीच जयंतीविरोधी ठरलो!

त्याच जयंतीत आपण सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. फोटो छान येतात. मित्रांनो, बारा तास उभा राहणाऱ्याला १८ तासांचा दाखला देणं म्हणजे त्याला लाजवणं आहे. त्याला रोज दीड तास हवा, आणि बसायला शांत जागा. जोतीरावांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. सिद्धार्थ कॉलेजनं नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग भरवले. आपली विहारं मात्र वंदना झाली की कुलूपबंद.

बाबासाहेबांचं डी.एस्सी. आपण फ्लेक्सवर छापतो, पण मधली गोष्ट गाळतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडन सोडावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेनांकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये परत गेले. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सुधारून आणायला सांगितला. हातात पैसे नव्हते, म्हणून मुंबईला आले, घरी बसून तो दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. मतं मागं घेतली नाहीत, मांडणी बदलली. प्रबंध परत आला त्या दिवशी त्यांच्याभोवतीही कुणीतरी "संपलं" म्हणालं असेलच की.

तेव्हा माझी मागणी मंडळाकडंच आहे. येत्या वर्गणीतून विहारात दोन ट्यूबलाइट, चार टेबलं आणि रात्री अकरापर्यंत किल्ली. किल्ली सांभाळायला मी तयार आहे. ज्यांचे विषय राहिलेत त्यांनी रविवारी गुणपत्रक घेऊन या, अर्ज एकत्र भरू. कोर्ट फी स्टॅम्प आणतो.

जय भीम.